पाटाच्या दारापर्यंत

“हे तुमाला पटायचं न्हाई. म्हणून आधीच सांगून ठिवतो, इश्वास ठिवूच नका.”

बन्सीनं बशीतल्या चहावर फुंकर मारली आणि अंगणातल्या दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. एक रविराज, या घरचा मुलगा, सुप्याच्या कारखान्यातून रविवारपुरता बेलापूरला आलेला आणि दिवसभर विटा-वाळूच्या मागे फिरून आत्ताच घरी परतलेला. दुसरा छगन भंगारवाला. त्याचा टेम्पो दारात पाठ करून उभा होता, फळका पाडून. पलीकडे छपराखाली जुनी राजदूत मोटरसायकल स्टँडवर उभी होती, आणि त्या दोघांचं काम तिच्याशीच होतं.

“पाऊण तासात नगर,” बन्सी म्हणाला. “नुसतं नगर न्हाई, भिंगार. ह्या रविराजची आई, गोजरवैनी, मागं, मी पुढं. लष्कराच्या गेटावरच्या शिपायानं वैनीला असा कडक सलाम ठोकला, की त्याची टोपी उडाली. ती टोपी आमच्या मागं मागं राहुरीपर्यंत आली.”

“नाना, नगर पासष्ट किलोमीटर आहे,” रविराज म्हणाला. “जाऊन-येऊन एकशे तीस.”

“म्हणून तर म्हणलं, पटायचं न्हाई.”

छगननं सहज म्हणून सायलेन्सरला हात लावला आणि झटक्यात बोट तोंडात घातलं. “आयला! तापलाय की खरंच!”

“मग? थापा मारतोय का मी?”

यावर दोघंही हसले, कारण बन्सी थापा मारतो हे सांगायला बेलापुरात साक्षीदार लागत नसे. चौऱ्याहत्तर वर्षांचा हा माणूस पन्नास वर्षं चिंचेच्या झाडाखाली गाड्या दुरुस्त करत आला होता, आणि पान्यापेक्षा त्याची जीभ जास्त फिरत असे. त्यानं म्हणे एकदा मोपेडवर म्हैस बसवून बाजाराला नेली होती. परत येताना म्हैस चालवत होती, तो मागं बसला होता. त्यानं म्हणे एक स्कूटर नुसती कानात बोलून चालू केली होती. काय बोललास विचारलं, तर म्हणायचा, बाईमाणसाची गोष्ट चारचौघांत सांगू नये. अख्ख्या पंचक्रोशीच्या गाड्या चालू करणाऱ्या या गड्याकडे स्वतःची गाडी मात्र कधीच नव्हती. तो सायकलवर यायचा आणि सायकलवर जायचा. त्यावर त्याची थाप नव्हती. तेवढं एक तो बोलत नसे.

आज तो नगर-भिंगार एवढं लांबवर ताणत होता, त्याला कारण होतं. थाप मोठी असली की तिच्या सावलीत बारकी थाप निवांत झोपून जाते, हे बन्सीला आयुष्यभराच्या धंद्यानं शिकवलं होतं. आणि आज त्याच्या पदरी एक बारकी थाप होती. ती जागी होऊन चालणार नव्हतं.

त्याचं असं झालं.

शनिवारी दुपारी सुरेखा, रविराजची बायको, चिंचेखाली आली. “नाना, आत्याबाईंनी बोलावलंय. मामांची गाडी चालू करायचीय.”

“अजिनाथची? आगं, त्यो गेल्यापासनं तेरा वर्सं ती गाडी उभीच हाय.”

“उद्या चार वाजता भंगारवाला येणार हाय. छप्पर पाडायचंय. तिथं आत्याबाईंना खोली आन् संडास-बाथरूम बांधतेत हे. त्यांना आता दिसत न्हाई, अंगण वलांडताना दोनदा पडल्या. गाडी ठेवायला जागाच न्हाई राहत.” आणि मग जरा थांबून, “त्या न्हाई म्हनाल्या न्हाईत. एवढंच म्हनाल्या, एकदा चालू करून द्या आन् पाटाच्या दारापर्यंत मला नेऊन आना. मग न्या कुठं न्यायची ती.”

अजिनाथ, रविराजचा बाप, पाटकरी होता. धरणाचं पाणी सुटलं की पाटाचं लोखंडी दार उघडायचं, कुणाच्या वावराला किती तास ते बघायचं, दार लावायचं. चाकरी एवढीच. पण पाळीचं पहिलं पाणी यायच्या दिवशी तो बायकोला, गोजरबाईला, राजदूतवर मागं बसवून दारापाशी न्यायचा. सगळ्या गावाला ते माहीत होतं. बाया हसायच्या. कुणाचा नवरा बायकोला जत्रा दाखवतो, कुणाचा शिर्डी. अजिनाथ पाणी दाखवायचा.

रविवारी सकाळी नऊला बन्सी हत्यारांची पिशवी घेऊन हजर झाला. छपराखाली गेला आणि पाहतच राहिला. गाडीवर जुनं लुगडं पांघरलेलं होतं. ते काढलं, तर हँडलवर झेंडूचे हार. एकावर एक, वाळून तपकिरी झालेले, सगळ्यात वरचा महिन्यापूर्वीचा, अजून पिवळसर.

“दर दसऱ्याला घालतेत,” सुरेखा म्हणाली. “जुना काढू देत न्हाईत. लई जपतेत. त्यांच्या खाटंखाली बी एक डालड्याचा डबा हाय, सामान हलवताना मी नुसता सरकवला तर केवढ्या वरडल्या!”

“सोनं आसंल,” बन्सी म्हणाला.

“सोन्याला त्येलाचा वास येतो व्हय?”

बन्सीनं हार एक एक करून उतरवले. मोजले नाहीत. मोजायची गरज नव्हती. दिवाळी होऊन गेली होती, ऊन मऊ होतं, आणि कुठून तरी, फार लांबून, मळीचा गोड कुबट वास येत होता. उसाचा हंगाम सुरू झाला होता. गोजरबाई ओट्यावर भिंतीला टेकून बसली होती, तोंड आवाजाच्या दिशेला. काचबिंदूनं तिची नजर गेली होती. उजेड आणि सावली तेवढी कळायची.

“आलात का भावजी?”

“आलो. वैनी, मी हात लावून चालू झाली न्हाई अशी गाडी—”

“म्हाईत हाय. कानात बोलता. आधी प्लग काढा.”

बन्सीनं मुकाट्यानं प्लग काढला. काळा ठिक्कर. तारेच्या ब्रशनं घासला, पॉइंटमधून पॉलिश पेपर फिरवला. टाकी उघडली, तर आत गंजाचं लाल पीठ. मूठभर बारीक खडी आणि रॉकेल टाकून त्यानं ती टाकी मांडीवर घेतली आणि लेकरू खेळवावं तशी तासभर हलवली. आतून समुद्राच्या लाटेसारखा आवाज येत होता. बन्सीनं समुद्र कधी पाहिला नव्हता, पण तो कसा वाजतो यावर तो दोन तास बोलू शकला असता. कार्बोरेटर खोलला, जेट बुजलेलं. क्लच-वायरचा एक केसाएवढा धागा ओढून त्यानं ते टोकरलं आणि उजेडाकडे धरलं. सुईच्या टोकाएवढा सूर्य दिसला. “निघाला,” तो म्हणाला.

सायलेन्सरच्या तोंडात कुंभारमाशीनं मातीचं घर बांधलं होतं. एकाला एक लागून पाच खोल्या. “रविराजपेक्षा हिचं बांधकाम बरं हाय,” असं म्हणत बन्सीनं ते सळईनं हळूच सोडवलं, तर ओट्यावरून आवाज आला, “फोडू नका. कुंडीत ठिवा.” त्यानं कुंडीत ठेवलं.

बाटलीत पाव लिटर पेट्रोल होतं. त्यात टोपणानं ऑइल मोजून घातलं, हलवलं, टाकीत ओतलं. दोन वाजून गेले होते. बन्सीनं लेंगा वर खोचला आणि कीक मारली.

काही नाही.

पंचवीस किका झाल्या. सुरेखानं पाणी दिलं. आणखी पंधरा झाल्या. पोटरीला गोळा आला. तीन वाजले. बन्सीच्या तोंडची थाप आटली, असं बेलापुरात पहिल्यांदाच घडत होतं. तो छपराच्या मेढीला टेकून खाली बसला आणि बघत राहिला, हेडलाइटच्या काचेत उलटं अंगण, उलटी सुरेखा आणि अगदी तळाशी उलटी गोजरबाई. त्याला वाटलं, आपण म्हातारे झालो. गाड्यांना कळतं ते.

“भावजी, त्यांची रीत येगळी हुती,” गोजरबाई म्हणाली. “डाव्या अंगाला कलती करा. खालून पेट्रोलचा थेंब पडस्तवर.”

बन्सीनं कलती केली. थेंब पडला. वास सुटला.

“आता चावी न लावता दोन मोकळ्या किका. सावकाश. झोपल्याला उठवायचंय, मारायचं न्हाई.”

त्यानं दोन किका दिल्या.

“आता चावी. आन् मग ते ‘चल बये’ म्हनायचे.”

“वैनी, मी मेकॅनिक हाय. देवर्शी न्हाई.”

“स्कूटरच्या कानात बोलता ती कोन?”

सुरेखा पदरात हसली. बन्सीनं इकडंतिकडं बघितलं आणि करवादून म्हणाला, “चल बये!” कीक मारली. काही नाही.

“तसं न्हाई. रागं भरून न्हाई.”

मग त्यानं हँडलवर हात ठेवला. झेंडूचा चुरा तळव्याला लागला. अजिनाथची आठवण झाली. पाटाच्या भरावावरून, शेपटीला निळा धूर लावून, मागं पाठीला चिकटलेली बायको घेऊन जाणारा लुकडा माणूस. बन्सी तेव्हा सायकल थांबवून त्यांना वाट द्यायचा आणि ते दिसेनासे झाले तरी तिथंच उभा राहायचा. त्याच्या घरी मागं बसायला कुणी नव्हतं. लग्नाचं जमलं नाही ते नाहीच.

“चल बये,” तो हळूच म्हणाला.

गाडी खोकली. एकदा, दोनदा. आणि मग तेरा वर्षांची धूळ, माती, उंदरांनी नेलेली कापसाची बोंडं, सगळं मागच्या नळीतून एकदम बाहेर फेकत ती अशी धडधडली की शेजारच्या कोंबड्या कौलांवर चढल्या. निळा धूर छपरातून निघाला, अंगणभर पसरला, ओट्यावर गेला आणि गोजरबाईला त्यानं पुरतं झाकून टाकलं. धुरातून तिचा आवाज आला, “आलेच मी. लुगडं बदलून.”

बन्सीनं ऐटीत क्लच दाबला, पहिला गिअर टाकला, क्लच सोडला. स्टँडवर चढवलेल्या गाडीचं मागचं चाक आता भरारा फिरायला हवं होतं. ते फिरलं नाही. त्यानं दुसरा टाकला. इंजिन ओरडलं, चाक बसलेल्या म्हशीसारखं बसलेलंच. बन्सी वाकला. या गाडीची चेन पत्र्याच्या पेटीत बंद असते, बाहेरून दिसत नाही. पेटीच्या भोकावरचं रबरी बूच त्यानं काढलं आणि आत बोट घातलं. बोट इकडून तिकडे गेलं. मध्ये काहीच लागलं नाही.

चेन नव्हती.

“आता?” सुरेखा कुजबुजली.

सव्वातीन वाजून गेले होते. श्रीरामपूरला जाऊन, रविवारचं उघडं दुकान हुडकून, या जुन्या गाडीला बसेल अशी चेन आणायची, तर टेम्पो तिच्या आधी येणार. टाकीत होतं ते पेट्रोल फार तर वीस मिनिटांचं. इंजिन बंद केलं तर पुन्हा चालू होईल याची बन्सी शपथ घेऊ शकला असता, पण त्याच्या शपथेला काय किंमत होती ते त्याला माहीत होतं.

दारात गोजरबाई उभी होती. हिरवं लुगडं, डोक्यावर पदर घट्ट खोचलेला, पायात रविराजच्या लग्नातल्या वहाणा. तिनं दोन्ही हात पुढे केले. “चला. दारापर्यंत.”

सांगायचं म्हणून बन्सीनं तोंड उघडलं. आणि त्या तोंडाला आयुष्यभर जी सवय होती, तेच त्यातून आलं.

“चला! पदर सांभाळा, वैनी. बया लई दिसांनी सुटलीय.”

त्यानं तिला मागच्या सीटवर आडवी बसवली, स्वतः पुढं बसला, सुरेखाकडे बघून ओठांवर बोट ठेवलं आणि डोळ्यांनी भिंतीवरचं सूप दाखवलं. सुरेखा क्षणभर कळेना अशी उभी राहिली. मग तिनं सूप काढलं, गाडीच्या पुढं उभी राहिली आणि वारा घालायला लागली.

“धरलंत का?”

“धरलं.” तिचा हात त्याच्या खांद्यावर पडला. हलका, वाळल्या पानासारखा.

पहिला, दुसरा, तिसरा. गाडी थरथरत होती, छप्पर थरथरत होतं, कुंडीतलं मातीचं घर थरथरत होतं. “वेस आली,” बन्सी म्हणाला. “वेशीत साळूबाई पापड वाळवतीय. बघायलीय आपल्याकडं. तोंड उघडंच हाय.”

“बघू द्या. हितं दगड हाय, जपून.”

बन्सीनं हँडल दचकवलं. गोजरबाईनं ‘हाय रे’ केलं आणि हसली. त्याला वाटलं, आपणच सांगणार आणि ती ऐकणार. पण वेस सुटली तशी वाट तिच्या हातात गेली. “आता चिंचा लागल्या. गार लागतंय बघा.” सुरेखानं सूप जोरात हलवलं. “आता पेरूचा बाग. हितं त्यांनी एकदा कुंपनातनं हात घालून पेरू काढला, मालकानं बघितलं. पाटकऱ्याला कोन बोलतंय! आता वळा. न्हाई न्हाई, उजवीकडं. डावीकडच्या वाटंला नवी घरं झाली म्हनतेत, ती मला नको.”

बन्सी उजवीकडं वळला. जिथं फक्त गोठ्याची भिंत होती तिथं त्याला भराव दिसू लागला. दोन्ही बाजूंना ऊस, तुरे आलेला, पांढरा; वर सरळ तांबूस वाट; आणि त्या वाटेवर, आयुष्यात पहिल्यांदा, तो स्वतः मोटरसायकलवर होता आणि मागं कुणीतरी खांदा धरून बसलं होतं. वाटेच्या कडेला एक माणूस सायकल धरून उभा होता. बन्सीनं त्याला हात केला.

“कुनाला हात केला?”

“हाय एक. वळखीचा.”

पेट्रोल संपत आलं होतं. इंजिन अडखळलं, एक उसासा टाकला आणि थांबलं. अशी शांतता पडली की सुपाचा फडफडाट ऐकू यायला लागला. सुरेखानं हात थांबवला.

“दार आलं,” बन्सी म्हणाला.

गोजरबाई उतरली नाही. वहाणा मात्र तिनं पायातून सोडल्या. मग तिनं विचारलं, “पाणी आलं का?”

थापा मारणाऱ्याला सगळं सुचतं. पण इथं थाप लागत नव्हती. कोरड्या पाटात पहिलं पाणी कसं येतं ते त्यानं पाहिलं होतं. आवाज आधी येत नाही. आधी वास येतो.

“येतंय,” तो म्हणाला. “लांब हाय अजून. पुढं पाला ढकलीत येतंय. फेस हाय. एक किडा हाय फेसावर, त्यो पळतोय.”

“कुठवर आलं?”

“वडाच्या मुळीपर्यंत. आता कठड्यापाशी. आता... पाय सोडा वैनी, आलं.”

सुरेखानं मघाचा पाण्याचा तांब्या उचलला आणि तिच्या पायांवर धार धरली. डोळे पुसायला तिच्याकडे हात उरला नव्हता.

गोजरबाईनं पायाची बोटं हलवली. “गार हाय,” ती म्हणाली. आणि थोड्या वेळानं, “चला. घरी जाऊ.”

परतीच्या वाटेला पेट्रोल नव्हतं. बन्सीनं तोंडानं आवाज काढला. तिनं त्याचा खांदा सोडला नाही.

तर ही बारकी थाप. हिच्यावर पांघरूण घालायला म्हणून बन्सी आता ओट्यावर बसून भिंगारच्या शिपायाची टोपी उडवत होता, आणि तिला राहुरीवरून देवळालीला नेत होता.

“मग म्हणलं, आलोच हाय तर सुप्याला बी जाऊन येऊ. रविराजची कंपनी वैनीला दाखवू...”

“बास नाना,” रविराजचे डोळे हसून पाणावले होते. तो गाडीपाशी गेला, सीटवर हात फिरवला. सीट अजून कोमट होती. हात तिथंच राहिला. “लहान असताना मी टाकीवर बसायचो,” तो छगनला म्हणाला. आणि मग, “चला, धरा. पुढून तुम्ही.”

छगननं हँडल धरलं. गाडी स्टँडवरून उतरली, आणि तेव्हा आतून भिंत चाचपत येणाऱ्या पावलांचा आवाज आला.

“थांबा.”

गोजरबाई दारात होती. अजून हिरव्याच लुगड्यात. काखेत डालड्याचा डबा. ती चाचपत ओट्यापर्यंत आली आणि बन्सीच्या शेजारी टेकली.

“सुरेखा, हात भरून आला आसंल तुजा. सूप जड हाय आपलं.”

सुरेखानं मान खाली घातली. रविराजनं बायकोकडं बघितलं, मग बन्सीकडं. बन्सीनं बशी खाली ठेवली.

गोजरबाईनं डब्याचं झाकण नखानं उचकटलं आणि डबा त्याच्यापुढं सरकवला. आत काठोकाठ तेल होतं, स्वच्छ, दरवर्षी बदललेलं. तेलाच्या तळाशी वेटोळं करून, काल घातल्यासारखी चकचकीत, राजदूतची चेन झोपली होती.

“दसऱ्याच्या आदल्या दिशी त्यांनी भिजत घातली,” ती म्हणाली. “सकाळी उठून बशिवतो म्हनले हुते.”

छगननं हँडल सोडलं नव्हतं, पण ओढणंही थांबवलं होतं. गोजरबाईनं बन्सीचा हात चाचपून धरला, त्याची काळी बोटं आपल्या बोटांनी एकदा पुसली, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं,

“आता सांगा भावजी. नगरला कशावर गेल्तो आपन?”